हात काळे होण्याची भीती

आपल्या मंडळाच्या गेल्या अंकात एका ज्येष्ठ सभासदांनी 'ज्याचे काम त्याला' या विषयावर लेख लिहिला आहे. लेखाची भाषा घोटीव आहे, मांडणी रेखीव आहे, आणि त्यातला मुख्य मुद्दा मला मुळीच मान्य नाही. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : आपल्या घरांतली मुले हल्ली सुट्टीच्या दिवशी मोटारीखाली आडवी होऊन इंजिनाचे तेल बदलत बसतात, हे स्वावलंबन नसून हौसेचा अतिरेक आहे. तेल बदलणे हे गॅरेजवाल्याचे काम. त्याला त्याचे पैसे द्यावेत आणि आपण आपला वेळ वाचन-चिंतनात घालवावा. शेवटी त्यांनी 'जिसका काम उसी को साजे' ही हिंदी म्हण देऊन प्रश्न निकालात काढला आहे.

माझे मत याच्या नेमके उलट आहे. ज्याच्या घरी मोटार आहे आणि ज्याची कंबर वाकण्याइतकी शाबूत आहे, त्याने वर्षाकाठी येणारे हे काम आपल्या हाताने करावे. दरवर्षी जमत नसेल तर आयुष्यात एकदा तरी करावेच. यात फार पैसे वाचतात असे नाही; त्याविषयी पुढे प्रांजळपणे लिहिणार आहे. मुद्दा असा की, ज्या कामाची आपल्याला ओळखच नाही, ते काम करणाऱ्या माणसाशी आपण न्यायाने वागू शकत नाही. हा विचार मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या घराने केलेल्या एका अन्यायातून तो मला उमगला. म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

गोष्ट 2003 सालची. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचे जुने घर. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. अनेक वर्षे घरी पेट्रोलवर चालणारी फियाट होती. ती विकून त्यांनी जुन्या बाजारातून एक डिझेल इंडिका घेतली. दोन गल्ल्या पलीकडे एका मिस्त्रींचे लहानसे गॅरेज होते. पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला खड्डा, हाताखाली दोन पोरे. वडिलांच्या स्कूटरपासून आमची सारी वाहने त्यांच्याच हाताखालून गेलेली. नवी गाडी आली तेव्हा त्यांनी तेल बदलून दिले, फिल्टर बदलला, पैसे घेतले. तीन दिवसांनी आम्ही पावागडला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी इंजिनातली मोजपट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पांढऱ्या रुमालावर टेकवली. रुमालावर शाईसारखा काळा डाग उमटला.

फियाटचे तेल कित्येक आठवडे मधासारखे दिसत असे. वडिलांच्या डोळ्यांना तीच सवय. त्यांनी निष्कर्ष काढला की, मिस्त्रींनी तेल बदललेच नाही. रुमाल हातात घेऊन ते गॅरेजवर गेले. मीही बरोबर होतो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, डीझलमां तो काळुं ज थाय." डिझेलच्या गाडीत तेल काळेच व्हायचे, एवढेच त्यांचे म्हणणे. वडिलांना ती पळवाट वाटली. त्या दोन पोरांच्या देखत ते मिस्त्रींना लबाड म्हणाले. मिस्त्रींनी खिशातून नोटा काढल्या, तेलाचे आणि मजुरीचे पैसे मोजले, गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि ते आत निघून गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या गाडीला हात लावला नाही.

मी तिथे उभा होतो आणि मान डोलावत होतो. मी त्या वेळी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो, हे इथे सांगितलेच पाहिजे. द्रवाच्या घट्टपणाचे सूत्र फळ्यावर लिहून देणारा मी, पण माझ्या दारातल्या गाडीच्या पोटात ते तेल काय करते, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असेही कधी वाटले नव्हते.

2010 साली माझी मुलगी अभियांत्रिकी शिकत होती. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, या वेळी तेल आपण घरीच बदलू." मी कुरकुर केली, पण उभा राहिलो. तेलाचा सीलबंद डबा मी माझ्या हाताने फोडला. जुने तेल परातीत निथळताना पाहिले. नवा फिल्टर तिने माझ्याकडूनच बसवून घेतला. दोनएकशे किलोमीटर गाडी चालल्यावर मी मोजपट्टी काढली. तेल शाईसारखे काळे.

मुलीने समजावून सांगितले ते असे. डिझेल जळताना काजळी धरते. तिचे सूक्ष्म कण तेलात उतरतात. तेलात मिसळलेली प्रक्षालक द्रव्ये त्या कणांना एकत्र साचू न देता तेलातच तरंगत ठेवतात, म्हणजे ते इंजिनाच्या भिंतींवर चिकटत नाहीत. शिवाय जुने तेल कितीही निथळले तरी थोडे आत राहतेच, आणि नवे तेल कोपऱ्याकोपऱ्यांतला मळ धुऊन आपल्यात घेते. म्हणून डिझेल गाडीतले तेल काळे होणे हे ते आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे. मिस्त्रींनी सात वर्षांपूर्वी चार शब्दांत सांगितले होते ते हेच.

वडील तोवर निवर्तले होते. मी त्या गल्लीत गेलो, तर शेडच्या जागी मोबाइलचे दुकान होते. मिस्त्री कुठे गेले ते कोणाला सांगता आले नाही. आमच्या घरावरचे ते देणे तसेच राहिले आहे.

आता 'ज्याचे काम त्याला' या तत्त्वाकडे वळू. वरवर पाहता हे श्रमविभागणीचे आधुनिक अर्थशास्त्र वाटते. पण श्रमविभागणीने एवढेच सांगितले आहे की, काम वाटून घेतले तर उत्पादन वाढते. दुसऱ्याच्या कामाविषयी अज्ञानी राहावे असे तिने कुठेही सांगितलेले नाही. आपल्या गावांत उत्तम उपाहारगृहे आहेत. म्हणून आपण घरची चूल विझवली नाही, आणि आपण घरी जेवतो म्हणून त्यांचा धंदाही बुडाला नाही. उलट ज्याला घरी आमटी करता येते त्यालाच बाहेरच्या आमटीची चव कळते, आणि चांगल्या आचाऱ्याचे मोलही त्यालाच कळते. मग हा न्याय स्वयंपाकाला लागू आणि मोटारीला गैरलागू, असे का?

कारण उघड आहे. स्वयंपाकाने हात खरकटे होतात, मोटारीने काळे होतात. आपल्या पांढरपेशा समाजात हात ओले झालेले एक वेळ खपून जातात, काळे झालेले खपत नाहीत. 'ज्याचे काम त्याला' हे वाक्य ऐकायला अर्थशास्त्रातले वाटले तरी ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओसरीवरून आले आहे. काही कामे काही माणसांची, आणि ती माणसे ओसरीच्या खाली उभी राहणारी, हा त्याचा मूळ अर्थ. तो आपण विसरलो असू, पण तो आपल्या वागण्यात शिल्लक आहे. नाहीतर वकिलाशी बोलताना 'साहेब' म्हणणारा माझा बाप चाळीस वर्षांच्या अनुभवी मिस्त्रींना पोरांदेखत लबाड म्हणाला नसता.

बडोद्याच्या मराठी माणसाने तर हे वाक्य उच्चारताना दोनदा विचार करायला हवा. याच शहरात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. यंत्रकाम, रंगकाम, सुतारकाम या विद्या हाताने शिकवाव्यात, आणि त्या देशी भाषेतून शिकवाव्यात, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके या कलाभवनात शिकले. पुढे तेच कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत सामावले गेले. ज्या राजाने कारागिरीला शाळेत मानाची जागा दिली, त्याच्या पदरी राहिलेल्या आपल्या घराण्यांनी मात्र त्या शाळेपेक्षा कचेरीकडेच अधिक धाव घेतली. पाटी गेली, दौत आली. दौत गेली, संगणक आला. बोटे मात्र स्वच्छच राहिली पाहिजेत, हा आपला आग्रह बदलला नाही.

बेळगावच्या वाचकांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण करून देण्याची गरज नाही. 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या, त्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाने पुढे लोखंडी नांगर घडवला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभारली. आपण त्यांच्या जयंतीला भाषणे करतो आणि घरी येऊन मुलाला म्हणतो, "अरे, तो पाना खाली ठेव, कपडे खराब होतील."

आता आक्षेपांचा परामर्श घेतो. ते खोटे नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप पैशाचा. घरी तेल बदलून बचत किती? फार नाही, हे मी आधीच मान्य केले आहे. तेल आणि फिल्टर दोन्हीकडे विकतच घ्यावे लागतात. वाचते ती मजुरी, आणि पहिल्या वर्षी तेवढे पैसे अवजारांतच जातात. पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. काही वर्षांपूर्वी मी माझी पेट्रोल गाडी एका चकचकीत सेवा-केंद्रात दिली. नाव सांगण्याचे कारण नाही. बिलात तेल साडेतीन लिटर लावले होते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत फिल्टरसह माप तीन लिटरच्या आसपास होते. त्याखाली 'इंजिन फ्लशिंग' म्हणून एक रक्कम, त्याखाली तेलात घालण्याच्या एका औषधाची रक्कम. पुस्तिकेत या दोहोंचा उल्लेखही नव्हता. मी पुस्तिका उघडून समोर ठेवली. काउंटरवरच्या तरुणाने वाद न घालता तीनही ओळी दुरुस्त केल्या. त्या तरुणाचा मला राग आला नाही. त्याला वरून ठरवून दिलेले आकडे गाठायचे असावेत. पण मुलीबरोबर एकदा ते तेल स्वतः मापून ओतले नसते, तर मी सही करून बाहेर पडलो असतो. आणि पाहा, रस्त्यावरच्या गरीब मिस्त्रींना आम्ही लबाड ठरवले होते. वातानुकूलित दालनात छापील कागदावर आलेला आकडा मात्र आम्हाला सहसा खराच वाटतो.

दुसरा आक्षेप हमीचा. गाडी नवी असताना, हमीच्या मुदतीत, अधिकृत केंद्रातच काम करून घ्यावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात, हे मीही सांगेन. त्या काळात घरी प्रयोग करू नयेत. पण मुदत संपल्यावरही आपण त्याच दाराशी का रेंगाळतो? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे ते प्रकरण अपिलांत गेले. पण आयोगासमोर जे उघड झाले त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ग्राहकाचे अज्ञान हे कोणासाठी तरी उत्पन्नाचे साधन आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारीही होत्या. हक्क मिळाला तरी तो वापरायला हात लागतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

तिसरा आक्षेप धोक्याचा. हा गंभीर आहे आणि यात मी कोणतीही सवलत देणार नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. जॅक घसरतो, आणि अशा अपघातांत माणसे चिरडून मेली आहेत. सपाट, टणक जमीन, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला आणि गाडीच्या वजनाला पेलतील अशा लोखंडी घोड्यांचा आधार, यांवाचून काम सुरू करू नये. एवढी तयारी नसेल तर सरळ गॅरेजात जावे. त्यात कमीपणा नाही. पण मग त्या गॅरेजातल्या पोराचा विचार करावा. तो हेच काम दिवसातून कित्येकदा करतो, अनेकदा हातमोज्यांवाचून. वापरलेल्या तेलाचा त्वचेशी दीर्घकाळ संपर्क राहिला तर कर्करोगाचा धोका असतो, असा इशारा तेलाच्या कित्येक डब्यांवरच छापलेला असतो. तो डबा आपण विकत घेतो. इशारा मात्र त्या पोराच्या हातांना लागू होतो. ज्याने एकदा हे काम स्वतः केले आहे, तो पुढच्या वेळी गॅरेजात जाताना हातमोज्यांची एक जोडी घेऊन जाईल अशी माझी आशा आहे.

प्रत्यक्ष काम किती? गाडी पाचएक मिनिटे चालवून तेल कोमट करावे. कडकडीत तापलेले नको, भाजेल. चेंबरखाली जुनी परात ठेवावी. पान्याने नट सैल करावा, अखेरचे आंटे हाताने काढावेत. तेल धारेने येईल, मग थेंबाथेंबाने. घाई करू नये. फिल्टर काढावा, आणि त्याचे जुने रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोन कडी एकावर एक बसली तर तेल गळून इंजिन जाम होते. नव्या फिल्टरच्या कड्याला नव्या तेलाचे बोट लावावे आणि तो हातानेच घट्ट करावा. नटाचे वायसर नवे घालावे, आणि नट पिळताना शक्ती दाखवू नये. आंटे गेले तर चेंबरच बदलायची वेळ येते. मग नरसाळ्याने पुस्तिकेत लिहिलेले तेल, लिहिलेल्या मापाने. डब्यावरच्या '10डब्ल्यू-30'सारख्या खुणेला भिऊ नये : पहिला आकडा थंडीत ते कसे वाहते ते सांगतो, दुसरा 100 अंश सेल्सियसला त्याचा घट्टपणा किती ते सांगतो. इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करावे, कुठे गळते का ते पाहावे, थोडे थांबून मोजपट्टी काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. जास्त ओतले तर पुण्य जास्त लागत नाही. त्याचा फेस होतो आणि इंजिनाचे नुकसानच होते. शेवटी वहीत तारीख आणि किलोमीटर लिहावेत. पहिल्या खेपेला दोन तास लागतात, पुढे तासाभरात होते. कित्येक दुकाने 5,000 किलोमीटरची चिठ्ठी काचेवर चिकटवतात. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकांत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिलेले असते. कोणाचे ऐकायचे ते ज्याने पुस्तिका उघडली त्यालाच ठरवता येते.

चौथा आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण घरी तेल बदलण्याविरुद्धचा तोच सर्वांत बळकट आक्षेप आहे. त्या ज्येष्ठ सभासदांनी तो मांडलाच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. परातीतल्या त्या काळ्या तेलाचे करायचे काय?

मी माझीच चूक सांगतो. 2010 च्या त्या रविवारी मुलगी आंघोळीला गेली आणि मी ती परात उचलून फाटकाबाहेरच्या गटाराकडे निघालो. इतक्या सहजतेने, जणू भांडी विसळलेले पाणी टाकायचे आहे. तिने खिडकीतून हाक मारली, "बाबा, ते गटार कुठे जाते?" मी थांबलो. आमच्या गल्लीतले पावसाचे पाणी शेवटी विश्वामित्रीला मिळते. पावागडच्या डोंगरातून येणारी ही नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात आजही मगरी राहतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या आणि त्यांना पकडून परत न्यावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. आपण नदी आपल्या घरात शिरली म्हणून ओरडलो. आपल्या घरातून नदीत काय जाते, याचा हिशेब कोणी मागितला नाही. एका वेळच्या तेलबदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असा इशारा अमेरिकेचे पर्यावरण संरक्षण खाते देत आले आहे.

आपल्याकडे या 'जळक्या ऑइल'चे नाना उपयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. वाळवी लागू नये म्हणून वाशांना लावायचे, स्लॅबच्या फळ्यांना फासायचे, भट्टीत जाळायचे. जड धातू आणि विषारी कर्बसंयुगे असलेला हा पदार्थ भारत सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो आणि तो नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवा. तेल झिजून संपत नाही, ते मळते. शुद्ध केले तर त्यातून पुन्हा मूळ तेल मिळते. 1 एप्रिल 2024 पासून तर वापरलेले तेल परत मिळवून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. ज्या शहराच्या वेशीवर कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 पासून उभा आहे, त्या शहरातल्या सुशिक्षितांना हे सांगावे लागू नये. पण मलाच ते मुलीकडून शिकावे लागले.

म्हणून माझा आग्रह सशर्त आहे. जो माणूस जुने तेल रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, ते गोळा करून पुढे देणाऱ्या गॅरेजात नेऊन पोहोचवणार नाही, त्याने घरी तेल बदलू नये. त्याच्यापेक्षा गॅरेजवाला बरा. पण इथेही प्रश्न विचारायला हवा. आपण गॅरेजात गाडी देतो तेव्हा ते तेल कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? नजरेआड झाले म्हणजे पाप फिटले, हाही 'ज्याचे काम त्याला' याच तत्त्वाचा एक लाभ. माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांना मी आज डबा नेऊन देतो तेव्हा ते पिंप दाखवतात, महिन्याला कोण घेऊन जातो ते सांगतात. ग्राहक म्हणून गेलो असतो तर हे बोलणे झाले नसते. घर आणि दुकान यांतले वैर आपण कल्पनेने उभे केले आहे. घरी काम करणारा माणूसच दुकानात जाऊन बरोबरीने बोलू शकतो.

कोणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांत इंजिनच नाही, म्हणून त्याचे तेलही नाही. हा वाद दहा-वीस वर्षांत आपोआप मिटेल. तेलाचा मिटेल, वादाचा गाभा मिटणार नाही. उलट त्या गाड्यांचे पोट अधिकच बंदिस्त आहे. उच्च दाबाच्या विजेला सामान्य माणसाने हात लावू नये हे खरे; पण म्हणून आत काय आहे हे समजूनच घेऊ नये, असे नव्हे. ज्या पिढीने एकदा तरी नट सैल करून आतले काळे तेल पाहिले आहे, ती पिढी बंद पेटीसमोर उभी राहूनही प्रश्न विचारील. जिने कधीच काही उघडून पाहिले नाही, ती फक्त बिल भरील, आणि संशय आला की समोरच्या गरीब माणसाला लबाड म्हणेल.

आपल्या घराण्यांत खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची चाल आहे. आमच्याही देवघरापाशी पणजोबांची तलवार पाटावर येते. तिला गंध-फूल वाहिले जाते, आणि पुन्हा वर्षभर ती गंजत बसते. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. बॉनेट मात्र उघडत नाही. 2010 पासून आमच्या घरी त्या तलवारीशेजारी चौदा नंबरचा पाना ठेवला जातो. प्रथम घरात कुजबुज झाली, आता कोणाला त्यात वावगे वाटत नाही. तेलबदलही आम्ही नवरात्राच्या आधीच्या रविवारी उरकतो.

त्या ज्येष्ठ सभासदांविषयी माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच हे इतके स्पष्ट लिहिले. यंदा त्या रविवारी सकाळी त्यांनी आमच्या अंगणात यावे. जुना सदरा घालून यावे. पाना त्यांच्या हाती देईन, परात मी धरीन; आणि निघालेले तेल डब्यात भरून दोघे मिळून गॅरेजात पोहोचवू. परत आल्यावर साबणाने हात धुऊन चहा घेऊ, आणि मग त्यांना पूर्वीसारखेच वाटत असेल तर त्यांनी पुढच्या अंकात खुशाल पुन्हा लिहावे.